आमची गरिबी आणि बाळूकाकाची साक्ष

आमच्या घराण्यात आजवर कुणालाही गरीब होता आलेलं नाही. पैसे नव्हते, ही गोष्ट वेगळी. पैसे नसणं आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या जमत आलंय. पण ते चारचौघांत कबूल करायचं म्हटलं की आमची जीभ टाळ्याला चिकटते.

काही वर्षांपूर्वी आईच्या हृदयाची झडप निकामी झाली. स्वयंपाकघरातून पडवीत यायचं तर तिला मध्येच बसावं लागे. ऑपरेशन सरकारी योजनेत फुकट होत होतं, पण तेव्हा योजना पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डालाच होती. आमचं कार्ड पांढरं! म्हणजे सरकारदरबारी आम्ही श्रीमंत. का? तर कार्डं वाटली तेव्हा शेजारच्या बाळूकाकाला केशरी मिळालं, आणि आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याच्या रंगाचं कार्ड घरात नको होतं.

बाळूकाका म्हणजे आबांचा चुलतभाऊ. हद्दीवरचा दगडी गडगा कुणी कुणाच्या जमिनीत सरकवला, यावरून दोघांचं बोलणं बंद. आता कार्ड बदलायला कमी उत्पन्नाचा दाखला हवा, दाखल्याला तलाठ्याची चौकशी हवी आणि चौकशीला शेजारचे पंच हवेत. (एवढं गोळा करेपर्यंत धडधाकट माणसाचीही झडप जाईल!) वाडीतली बाकीची घरं कुलूपबंद, माणसं मुंबईला. उरले बाळूकाका आणि काकी.

मी मुंबईहून रजा काढून आलो आणि आबांची तालीम घेतली.

"आबा, उत्पन्न विचारलं तर काय सांगायचं?"

"खरा काय ता. काय नाय."

"आणि बाग?"

"नावाला."

"शाब्बास!"

तलाठी भाऊसाहेब आले, पडवीत खुर्च्या मांडल्या, इथवर ठीक होतं. मग गडगा ओलांडून बाळूकाका आणि काकी आली आणि आबांचा कणा ताठ झाला. मी डोळे मिटून घेतले.

"आंब्याचं उत्पन्न किती?" भाऊसाहेबांनी विचारलं.

आबा तोंड उघडेपर्यंत बाळूकाकाच बोलला, "कसला आंबा, भाऊसाहेब! मोहोर करपला, उरला ता वांदरांनी खाल्लानी. ह्यांच्या घरात यंदा लोणच्याला कैरी नव्हती!"

अगदी खरं होतं. आम्हाला हवी तीच साक्ष वैरी स्वतःच्या तोंडाने देत होता! आबांनी फक्त गप्प बसायचं होतं.

"भाऊसाहेब, त्याला सांगा," आबा गरजले, "पन्नास पेट्या गेल्या माझ्या! वाशीला!"

"ह्यांना विचारा, गेल्या कशातनं? टेम्पो तर आमी कधी बघितला नाय!"

"रात्रीचा येतो टेम्पो! भावकीची दृष्ट लागते म्हणून!"

भाऊसाहेबांचं पेन अधांतरी थांबलं. मी मागून आबांचा सदरा ओढला. त्यांना वाटलं, काहीतरी सांगायचं राहिलंय.

"आणि काजू वेगळे!"

"काजू?" काकी पदर तोंडाला लावून हसली. "दोन झाडां तर हायत. त्यातला एक आमच्या हद्दीत!"

झालं! काजूवरून गाडी हद्दीवर गेली, हद्दीवरून गडग्यावर, आणि गडग्यावरून आजोबांच्या वाटणीपर्यंत. "अहो, मी उत्पन्नाला आलोय, मोजणीला नाही!" भाऊसाहेब कळवळले.

मी चहा आणला, आबांना खाली बसवलं, त्यांच्या वयाचं कारण सांगितलं. भाऊसाहेबांनी घाम पुसला. "बरं, घरात दुसरं कमावतं कोण? हा मुलगा?"

"ह्यो?" बाळूकाका म्हणाला. "ह्यो काय कमावतो! मुंबयला दुसऱ्याच्या दुकानात गोणी उचलतो. स्वतःचा पोट भरला तरी पुष्कळ!"

हेही खरंच होतं. मला फक्त "होय" म्हणायचं होतं. उंबऱ्यावर आई भिंतीला टेकून बसली होती, एकेक श्वास ओढत. तिच्याकडे बघून मला रडू येत होतं. होय म्हण, मी स्वतःला बजावलं.

"मॅनेजर आहे मी!" कुणीतरी ओरडलं. आवाज माझा होता. "हाताखाली चार माणसं आहेत माझ्या!"

आबांनी जन्मात पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली.

तेव्हा आई उठली. भिंत धरून आमच्यापाशी आली. "भाऊसाहेब, जरा वर बघा." सगळ्यांनी पडवीच्या छपराकडे पाहिलं. फुटक्या कौलांखाली खताच्या पिशव्या ताणून बांधलेल्या होत्या. "पावसात घरभर टोपं मांडतो आमी. बाळूभावजी बोलले ता लिवा. ह्या बापलेकांचा कायएक लिवू नका."

भाऊसाहेबांनी छपराकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि बाळूकाकाचं म्हणणंच लिहिलं. काका-काकींनी सह्या ठोकल्या. (कार्ड केशरी झालं, ऑपरेशन झालं, आणि आता आई गडग्यापाशी उभी राहून काकीशी खणखणीत भांडते. ऐकून बरं वाटतं.)

त्या दिवशी भाऊसाहेब चपला घालत होते, तेव्हा आईने धापा टाकत विचारलं, "माझ्या छातीचा तर झाला. पण ह्या दोघांच्या डोक्याचा काय ता बसता काय हो तुमच्या योजनेत?"

भाऊसाहेबांनी आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आजार बसतो, वहिनी," ते म्हणाले, "पण पन्नास पेट्या आणि वर मॅनेजर! ह्यांचं उत्पन्न बसत नाही."