योलांदाचा कागद

इटलीतल्या पार्मा शहरात नदीपलीकडच्या वस्तीत कुणी मेलं की आधी पाद्रीबाबांना बोलावणं जाई आणि पाठोपाठ लेआर्को गिरार्दीनीला. त्याचा छापखाना एकहाती होता. निधनाचे कागद तोच जुळवी, तोच छापी आणि तोच भिंतींवर डकवी. भिंतीवर कागद लागल्याशिवाय माणूस गेला असं वस्ती मानतच नसे.

लग्नपत्रिका असो, ऑपेराचं पत्रक असो, नाहीतर निधनाचा कागद, लेआर्को बोदोनी या जुन्या नामवंत मुद्रकाच्या वळणाचेच छपाईचे खिळे वापरी. त्या अक्षरांचा एक दांडा जाडजूड, तर दुसरी रेघ केसाएवढी बारीक. दाब जरा जास्त पडला की ती तुटे. "जाड दांडा कुणीही उभा करील," तो म्हणे, "अक्षराची अब्रू बारक्या रेघेच्या हातात." तुटक्या रेघेचा कागद त्यानं चाळीस वर्षांत एकदाही भिंतीवर जाऊ दिला नाही.

मजकूर वाचायचं काम मात्र बायकोचं. योलांदा रोज सकाळी कॉफीत पाव बुडवत प्रूफ मोठ्यानं वाची, आणि चूक सापडली की तिला चेवच येई.

"अरे, बार्बिएरी आजीला तू ती जन्मायच्या आधीच मारून टाकलंस! तू अक्षरं नुसती बघतोस रे, वाचत नाहीस."

"वाचायला तू आहेस ना."

"आणि मी गेल्यावर?"

"गप! आधी मीच जाणार."

फेब्रुवारीत तीन दिवसांच्या तापात योलांदाच गेली. लेआर्कोनं ठरवलं, तिच्या कागदात काडीचंही उणं राहता कामा नये. शाईचा थेंब न लागलेली मोठ्या खिळ्यांची पेटी त्यानं उघडली. भिंगाखाली एकेक रेघ तपासली. एका अक्षरासाठी सात खिळे बदलले. संध्याकाळी कागद स्वतः डकवून तो तिच्या उशाशी येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता शवपेटी चर्चपाशी आली, तर अंगणात अख्खी वस्ती उभी. थंडीनं सगळ्यांची नाकं लाल झाली होती.

"कधी आलात सगळे?" त्यानं भाजीवाल्या आर्जाला विचारलं.

"सकाळी सातला."

"सातला? विधी तर चारचा!"

"पाद्रीबाबा म्हणाले तसं, पण तोवर सगळे जमले होते." आर्जा नजर चुकवत म्हणाली, "तिच्यासाठी उभं राहायला काय झालं? घरी बसून तरी काय करणार होतो?"

लेआर्को भिंतीकडे वळला. कागदावरच्या ओळींवरून बोट फिरवत तो मोठ्यानं वाचू लागला. नाव, वय, दिवस, चर्च. चर्चच्या नावापुढे कोरी जागा होती. वेळ घालायचीच राहिली होती. नाव मात्र सुरेख उठलं होतं, एकही रेघ तुटलेली नव्हती.

"आर्जा," तो म्हणाला, "हिला वाचायला द्यायचा राहिला गं." आणि सगळ्यांदेखत भिंतीला डोकं टेकून तो ढसाढसा रडू लागला.