पेट्रोलच्या टाकीचं झाकण

हे मी बायकोलाही सांगितलं नाही, आणि ती गेली. देवासमोर बसूनही नीट उच्चारलं नाही — तिथेही शब्द फिरवून घेतले. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असलात, तरी आता काय फरक पडतो?

मी सौसरचा मोटार मिस्त्री. त्या काळी आमच्याकडे मोटारी होत्याच किती — आणि जेवढ्या होत्या त्यांचं पोट मी उघडून पाहिलेलं. लोक म्हणत, मिस्त्री नुसता आवाज ऐकून रोग सांगतो. मलाही ते खरं वाटायचं. तिथूनच सगळं बिघडलं म्हणू का? नको. तसं म्हटलं की दोष गर्वाचा होतो, माझा राहत नाही.

नागपूर मुंबईच्या राज्यात गेलं आणि आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो, त्या सुमाराची गोष्ट. बोलणं मराठी, सोयरीक सगळी नागपूरकडची, आणि साहेब लोक भोपाळला निघालेले. अशाच एका साहेबाची जुनी मोटार आमच्या पाटलांनी घेतली. संत्र्याचे बगीचे होते, कापूस होता, घरात मोटार मात्र पहिलीच. चालवायला पांढुर्ण्याचा नत्थू ठेवला. नत्थू माझा दोस्त. आम्ही एकाच गॅरेजात शिकलो. मी पान्ह्याकडे वळलो, तो स्टिअरिंगकडे. त्याच्याइतका हळुवार गिअर टाकणारा माणूस मी पाहिला नाही.

दसऱ्याला गाडी पूजेला माझ्याकडे आली. माझ्या हत्यारांची पूजा झाल्यावर मीच तेलात शेंदूर कालवला. बॉनेटला लावला, चाकांना लावला, आणि पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर अंगठ्यानं चांगला दाबून टिळा दिला — गाडीचं तोंड तेच, म्हणून. नत्थू रोज गाडी पुसायचा, पण तो टिळा त्यानं कधी पुसला नाही. देवाचा शेंदूर कोण पुसणार?

त्यानंतर गाडी रुसायला लागली. गावात ठीक चालायची. लांब निघाली की मध्येच बंद पडायची, आणि थोडा वेळ उभी राहिली की आपसूक सुरू. "काय होऊन राहिलं रे तिले? मधातच दम सोडून देते," नत्थू म्हणायचा. मी प्लग पाहिले, पॉइंट घासले, कार्ब्युरेटर खोलून धुतला, पंप उतरवून पुन्हा चढवला. माझ्यासमोर ती एकदाही बंद पडली नाही. का, ते आता कळतं. गाडी आली की सगळ्यांत आधी मी झाकण काढून, टाकीत काडी घालून पेट्रोल पाहायचो — तेवढ्यानंच तिचा रोग पळायचा, आणि मी मात्र इंजिनात डोकं घालून बसायचो. शेवटी हार मानायची लाज वाटली. पाटलांना सांगून टाकलं, आता नागपूरपर्यंत खुशाल न्या.

आणि त्यांनी नेली. पाटलांची सून, शांताबाई, पहिलटकरीण. सुईणीनं हात टेकले, म्हणाली नागपूरच्या दवाखान्यात न्या. लोधीखेड्याच्या पुढे गाडी थांबली. सौसरकडे येणाऱ्या ट्रकवाल्यानं मला निरोप दिला, मी मिळेल त्या ट्रकनं उलटा धावलो.

पोचलो तेव्हा शेतातल्या बायकांनी बाभळीखाली लुगड्यांचा आडोसा केला होता. मूल झालं होतं. रडलं नव्हतं. हँडल मारून मारून नत्थूच्या हाताची सालटी निघाली होती. पाटील रस्त्याच्या कडेला नुसते उभे होते.

मी सवयीनं झाकण फिरवलं — आणि टाकीनं सुस्सकन हवा आत ओढली. त्या क्षणी मला सगळं कळलं. झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल इंजिनाकडे जातं तशी त्या भोकातून हवा आत येते. भोक बुजलं की टाकी पेट्रोल सोडत नाही, गाडी मरते. भोकात माझा शेंदूर होता, वाळून कडक झालेला; आधी त्यातून थोडी हवा झिरपायची, आता तीही बंद. मी सगळ्यांकडे पाठ केली, तारेच्या तुकड्यानं भोक मोकळं केलं, झाकण लावलं. हँडल एकदा मारलं. गाडी सुरू झाली.

"मिस्त्री, काय खराबी होती?" पाटलांनी विचारलं.

"काही नाही जी. गाडी बराबर आहे."

सगळ्यांनी नत्थूकडे पाहिलं. मीही पाहिलं — हो, मीसुद्धा.

वेळेवर पोचले असते तर लेकरू वाचलं असतं का? माहीत नाही. या 'माहीत नाही'च्या आडोशाला मी पुष्कळ वर्षं बसलो.

नत्थूची नोकरी गेली. पुढे कुणीच त्याच्या हाती गाडी दिली नाही. काही दिवसांनी तो माझ्याकडे आला. "मीच घाबरलो असन, चोक वढूनच ठेवला असन, पेट्रोल जास्त होऊन गाडी बसली असन, नाही का? मले तं आठवून नाही राहिलं. तूच सांग." तुम्हाला वाटेल रस्त्यावरचं खोटं मोठं होतं. नाही. तिथे मी भ्यालो होतो. इथे तर आम्ही दोघंच होतो, समोर चहा होता, आणि मी विचार करून म्हणालो, "होते असं, घाबरल्यावर." त्यानं मान हलवली. तेव्हापासून ते मूल त्याच्या नावावर झालं.

तो रामाकोन्याजवळ एका बगीच्यात राखणीला लागला. बसमध्ये बसला तरी पार मागे बसायचा, ड्रायव्हरकडे बघायचा नाही. हंगामात माझ्याकडे संत्री घेऊन यायचा. "चोकचं तू पाटलाले सांगतलं नाही," म्हणायचा. ती संत्री मी खाल्ली. गोड असायची.

शेवटच्या आजारात त्यानं मला बोलावून घेतलं. "शांताबाईची माह्याकडून माफी माग. माह्यानं आता उठणं होत नाही."

मी गेलो. बाईंचे केस पांढरे झालेले. पुढे मूल झालंच नाही त्यांना. अंगणात आम्ही दोघंच. सांगता आलं असतं — तोंडापर्यंत आलंही होतं. मी म्हणालो, नत्थू माफी मागून राहिला.

त्या मग म्हणाल्या, "त्याले सांगा, मी केव्हाच माफ केलं."

निरोप मी जसाच्या तसा नेला. नत्थूनं दोन्ही हातांनी माझा हात धरला. "तुह्यामुळं सुटलो रे," म्हणाला, आणि रडला. मी हात सोडवून घेतला नाही.