आज माझी जीप सुरू झाली

चाळकऱ्यांनो, हा कागद खालच्या फळ्यावर न लावता दुसऱ्या मजल्यावर नळापाशी लावतोय. कारण पुढे कळेलच.

लिलावात घेतलेली लष्करी जीप गेले आठ महिने मी आपल्या पटांगणात दुरुस्त करतोय. तुम्ही हसलात, हरकत नाही. आज दुपारी ती सुरू झाली. चारी चाकांनी जोर लावून वाळूच्या ढिगावर चढली, तेव्हा तुम्हीच गॅलरीतून टाळ्या वाजवल्यात.

टाळ्या ऐकून रस्त्यावरचे हवालदार आत आले. "काय गाडी तयार केलीत हो! किती माणसं बसतील?"

"दाटीवाटीने सहा," मी म्हणालो.

"आणि रस्त्यात दगडबिगड टाकलेले असले तर?"

मला फुशारकी आवरेना. "दगडांवरून सरळ जाईल, साहेब!" वर पुन्हा ढिगावर चढवून दाखवली.

त्यांनी नंबर लिहून घेतला. "उद्या सकाळी नेतो. सरकारी काम आहे."

उद्या आपला संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा आहे, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं. शेजारच्या पार्वतीकाकू म्हणाल्या, "एखादा भाग काढून ठेव रे." पण हवालदार एका शिपायाला जीपमध्ये बसवून गेलेत. तो अजून तिथेच आहे.

दुसऱ्या गिअरला ती कण्हते, ते काही मला थांबवता आलं नाही. तो आवाज आज तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय. उद्या मोर्चात तो मागून आला, तर आपली जीप म्हणून वळून बघू नका. दिसेल त्या गल्लीत शिरा.