मुठेतात्यांची सही

मुठेतात्या नदी चवीने ओळखत. वडिलांचे हे चुलतभाऊ सडेफटिंग; त्यामुळे चुली आमच्या आणि जेवणार ते. पावसाळ्यात ओढ्याच्या उगमाशी, पुतणीच्या घरी, डोंगरातले काळे मुठे खेकडे फोडत बसायचे. पुढे मधल्या गावात बहिणीकडे मरळ मासा, आणि थंडीत खाडीकाठी भाचीच्या सासरी जिताडा. "नदी वरून खायला घ्यायची, खाडीत हात धुवायचा," म्हणत. फुकटेपणाला इतका शिस्तशीर भूगोल मी दुसरीकडे पाहिला नाही.

आमचा डोंगर सामाईक. बंगले बांधायला मुंबईचं गिऱ्हाईक आलं. सगळ्यांच्या सह्या झाल्या, तात्यांची राहिली. मला त्यात पनवेलचा फ्लॅट दिसत होता. बायकोने पडदेही घेऊन ठेवले होते. अडलेलं काम जिताड्याने सुटतं, हा आमच्याकडचा जुना उपाय. थेट रेवसहून जिताडा आणला. तात्यांनी डोक्यापासून शेपटीपर्यंत संपवला. मी कागद पुढे केला.

"याला मातीचा वास हाय," ते बोटं चाटत म्हणाले.

"तात्या, हे आता सांगताय?"

"खाताना कशाला बोलू? वर कुनीतरी डोंगर खरवडलाय. झाडं गेली की माती ओढ्यात, मुठ्याच्या बिळात, मग खाडीत. आपला डोंगर इकून मी काय खाऊ, तुझा फ्लॅट?" आणि वर, "सोलकढी हाय का?"

फाल्गुनात तात्या गेले. आम्ही मनापासून रडलो. सहीची अडचण सुटली, हा आनंदही मनापासूनच होता.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. थोरल्या चुलतभावाने बोकड कबूल केला, कोणी जिताडा. धाकट्याने शेजारी मुठाच ठेवला. भटजींनी तोंड फिरवलं. कावळे फांदीवर ढिम्म. ऊन डोक्यावर आलं आणि माझ्याच पोटात कावळे ओरडू लागले.

"तात्या, नाही विकत डोंगर, पण खा एकदाचं," मी साऱ्या गावादेखत बोलून बसलो.

कावळा उतरला. पिंडाला चोच लावली आणि जाताना मुठाही उचलला.

"तुला बोलायला कुनी सांगितलं व्हतं?" थोरला दात खाऊन म्हणाला. पण शब्द मोडायची छाती कोणाची? उद्या आपल्याही पिंडाशी गाठ आहे.

फ्लॅट गेला, पडद्यांच्या उशा झाल्या. थोरला अजून माझ्याशी बोलत नाही, मुठे मात्र त्याच डोंगरातून आणतो. यंदा पावसात मीही ओढ्यातल्या बिळात हात घालून ओणवा होतो. मागून कोणीतरी हाक मारली, "काय तात्या, गावले का?"

मी ओ दिली.