कणगीतला पाहुणा

महारुद्राच्या डोक्यात नवी कल्पना आली की गोळा माझ्या पोटात येतो. कारण आमच्या दोघांच्या शेतांचा बांध एक. त्यानं इमू पाळले तेव्हा ते माझ्या हरभऱ्यात हिंडले. त्यानं मधमाशा आणल्या तेव्हा त्या माझ्याच कानाला चावल्या. मी निवृत्त शिक्षक. गुरुजी तापट आहेत असं शाळेतली पोरं म्हणायची आणि पोरं काही खोटं बोलत नव्हती. पण महारुद्रावर रागावणं अवघड काम आहे. तो समोर येऊन असा हसतो की चूक आपलीच होती असं वाटायला लागतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

आमचं गाव येलदरी धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. महारुद्राच्या शेतात एक बरड आहे, तिथं कुसळांशिवाय काही उगवत नाही. पण त्या बरडावरून धरणाचं पाणी असं लांबवर पसरलेलं दिसतं की बघत बसावं. गावातलं कुणी बसत नाही. गावात पाण्याकडे नुसतं बघत बसणाऱ्या माणसाला रिकामटेकडा म्हणतात.

मागच्या उन्हाळ्यात महारुद्र मोबाईल नाचवत माझ्या ओट्यावर आला.

"गुरुजी, हे बगा. मानूस बुटात झोपायलाय."

खरंच बुटाच्या आकाराचं घर होतं आणि एक गोरा माणूस त्याच्या टाचेतून हात हलवत होता.

"बायकोनं हाकलला असेल," मी म्हणालो.

"न्हाई वो. सुट्टी घालवायला आलाय. कुनी भोपळ्यात झोपतंय, कुनी झाडाला टांगलेल्या पिंजऱ्यात. अनुभव म्हनतेत ह्याला. आता सांगा, शहरात न्हाई असं आपल्याकडं काय हाय?"

"मच्छर."

"कणगी!" महारुद्र ओरडला.

कणगी धान्याची असते. तुराट्यांनी विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, पोट सुटलेल्या सावकारासारखी गोल. वरून धान्य ओतायचं आणि तळाशी ठेवलेल्या लहान तोंडातून लागेल तसं काढायचं. घरोघरी पत्र्याच्या कोठ्या आल्यापासून कणगी बघायला मिळत नाही. महारुद्रानं मात्र बरडावर अशी कणगी उभी केली की तिच्यात आमच्या अख्ख्या गल्लीचं धान्य मावलं असतं. आत झोपायला दोन बाजा, पाण्याच्या बाजूला खिडकी, वर गवताचं छप्पर. शेजारी संडास आणि न्हाणी, तिला अशी फरशी की गावातली माणसं आधी चपला काढून नुसती उभी राहून यायची. दार तेवढं त्यानं कणगीच्या तोंडासारखंच ठेवलं. आत जायचं तर गुडघ्यावर रांगत.

"अरे, पैसे देऊन माणसं रांगतील का?"

"त्योच तर अनुभव हाय, गुरुजी."

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला बायको असते. महारुद्राची बायको रुख्मिणी. हे सगळं तिला मुळीच पटलं नव्हतं. तरी लिंपायला आलेल्या बायांचं काम तिला बघवेना, म्हणून तिनं पदर खोचला आणि सगळी कणगी स्वतः लिंपली. काम झाल्यावर ती दहा पावलं मागं सरली, कणगीकडे बघितलं आणि तिचे डोळे चमकले. पाहुण्यांसाठी नव्हे. तिचं घर लहान. दरवर्षी सोयाबीनचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, मधल्या खोलीत रचायचे आणि पुढचे काही महिने उंदरांशी भांडायचं.

"ह्या साली समदं सोयाबीन मावतंय ह्यात," ती म्हणाली.

महारुद्राचा चेहरा उतरला. पण रुख्मिणी न्यायाची बाई. तिनं चारचौघांसमोर शब्द दिला आणि घेतला. दसऱ्यापर्यंत एक तरी पाहुणा कणगीत एक रात्र मुक्काम करून गेला, तर कणगी महारुद्राची. नाहीतर तिच्यात सोयाबीन. आणि पुन्हा घरात कल्पना हा शब्द काढायचा नाही.

गाव हसलं. मीही हसलो. पण एक सांगतो. इमू आणि मधमाशांनंतर आमच्या गावात आया पोरांना "महारुद्रासारखं करू नगंस" असं म्हणायला लागल्या होत्या. ते ऐकून तो सगळ्यांबरोबर हसायचा, आणि मग बांधावर एकटाच बसून ढेकळं फोडायचा. मी ते बघितलं होतं. कणगीत सोयाबीन पडलं असतं तर हा माणूस उरलेलं आयुष्य ढेकळं फोडत बसला असता, आणि मला ते नको होतं. बांधाचं भांडण वेगळं.

पहिले पाहुणे म्हणजे पुण्याचं एक नवं जोडपं. त्यांना शांतता हवी होती. आता आमच्या गावात एक रीत आहे. पाहुणा एका घराचा नसतो. तो गावाच्या शिवेत शिरला की गावाचा. त्यातून माझं घर बरडाच्या वाटेवर, म्हणून पहिला चहा माझ्याकडे. माझा चहा घेतला म्हटल्यावर शेजारच्या धुरपताबाईनं विचारलं, "आमच्या घरचा च्या चालत न्हाई का?" या प्रश्नाला मराठवाड्यात उत्तर नाही. उठायचं आणि जायचं. अंगणवाडीच्या सुकेशनीताईंनी कुणी रुसू नये म्हणून गल्लीवार क्रम लावून दिला. दुपारपर्यंत त्या मुलीला कप बघितला की हुंदका यायला लागला. मुलगा तर "जरा आलो" म्हणून न्हाणीत गेला आणि कडी लावून बसला. उन्हं कलायच्या आत त्यांची गाडी गावाबाहेर. इंटरनेटवर त्यांनी कणगीला एकच चांदणी दिली आणि लिहिलं, 'इथे क्षणभर एकटं राहता येत नाही. सारखे चहाला बोलावतात.'

दुसरा पाहुणा एक तरुण पोरगा. तो एकटाच आला आणि बरडावर बसून पाण्याकडे बघत राहिला. मधूनच मोठा श्वास घ्यायचा. प्राणायाम करत होता बिचारा. पण एकटा माणूस, समोर धरण आणि वर उसासे! गावात बातमी गेली. कुणी म्हणालं, त्याला एकट्याला सोडू नका. मग भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन त्याच्याभोवती गोल करून बसलं आणि दोघांनी त्याचे दंड धरून ठेवले. तो मोकळं होण्यासाठी आला होता, सुटण्यासाठी पळाला. त्यानंही एकच चांदणी दिली. त्याचा जीव आपण वाचवला यावर गाव आजही ठाम आहे.

दसरा तोंडावर आला. सोयाबीनची मळणी झाली, कट्टे भरले. आणि तेवढ्यात तिसरं बुकिंग आलं.

महारुद्रानं मारुतीच्या देवळात गाव गोळा केलं. आधी त्यानं हात जोडले, मग डोळ्यांत पाणी आणलं, आणि त्यानं काम होईना तेव्हा आवाज चढवला.

"ह्या बारीला कुनी बरडाकडं फिरकायचं न्हाई. च्या न्हाई, भजन न्हाई, रामराम बी न्हाई! आन् गुरुजी, सुरवात तुमच्या घरापासून होती. तुमचा च्या बंद!"

भर देवळात! ज्या गावाला मी पाढे शिकवले त्या गावासमोर! ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं. मी त्याच पावली उठलो आणि शपथ घेतली की बरडावर पाऊल टाकणार नाही. गावही रुसलं. "बरं बाबा, आमी तरी कशाला येऊ," म्हणत सगळे आपापल्या घरी गेले आणि दारं लोटून बसले.

तिसरे पाहुणे म्हणजे दिनकरराव. पांढरे केस, खांद्याला पिशवी, पुण्याहून एकटेच आलेले. कणगीत रांगत शिरताना ते लहान मुलासारखे हसले म्हणे. महारुद्रानं त्यांना पाणी दिलं, डबा दिला आणि स्वतः काठी घेऊन गावाच्या वाटेवर पहाऱ्याला उभा राहिला. माशी जरी बरडाकडे निघाली असती तरी त्यानं तिला गाव विचारलं असतं.

दुपार कलल्यावर मी रुख्मिणीकडे गेलो. चाळणी परत द्यायची होती आणि नवऱ्याचे गुण तिच्या कानावर घालायचे होते. ती अंगणात कट्ट्यांची तोंडं शिवत होती. शेजारी भरलेली ट्रॉली उभी.

"उद्या दसरा. सकाळीच बरडावर न्यायला सांगितलीय. ह्यो बी पाहुना टिकत न्हाई," ती खुशीत म्हणाली.

तेवढ्यात शेतातल्या पायवाटेनं दिनकरराव आले. पिशवी खांद्याला होती.

"मी निघतो म्हणतो," ते म्हणाले. "मालक दिसले नाहीत, म्हणून तुम्हाला सांगायला आलो. तुमचं काही चुकलेलं नाही हं. जागा फार छान आहे."

रुख्मिणीला नुसतं "बरं" म्हणायचं होतं. एवढ्या एका शब्दात कणगी तिची होत होती. तिनं ट्रॉलीकडे बघितलं, मग त्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं. दोरा दातानं तोडला.

"च्या घेऊन जावा," ती म्हणाली.

दिनकरराव मटकन सोयाबीनच्या कट्ट्यावर बसले. "चालेल?"

"आता न चालायला काय झालं?"

"तसं नाही. बायको गेल्यापासून घरी मी रोज एकच कप धुतो. परवा इंटरनेटवर तुमच्या गावाबद्दल वाचलं. कुणीतरी तक्रार केली होती की इथे सारखे चहाला बोलावतात. मी म्हटलं, असं गाव अजून आहे? म्हणून आलो. सकाळपासून वाट बघत होतो. कुणीच आलं नाही. मग वाटलं, आपल्यातच काही..."

माझे डोळे भरले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. रुख्मिणीनं पदर डोळ्यांना लावला आणि सगळा राग माझ्यावर काढला.

"गुरुजी, बसलाव काय? जावा की गावात!"

"मी? तुझ्या नवऱ्यानं माझा चहा बंद केलाय. भर देवळात!"

"मग तुमच्यापासूनच सुरू करा."

मी चाळणी हातात घेऊनच गावात पळालो. पण गाव रुसलेलं. धुरपताबाईनं दार किलकिलं करून सांगितलं, "आमाला बंदी हाय." दुसऱ्या घरातून उत्तर आलं, "महारुद्राला म्हनावं, सोता पाय धुऊन न्यायला ये." शेवटी सुकेशनीताईंच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "ताई, तो माणूस पुण्याहून नुसता चहाला आलाय हो. सकाळपासून वाट बघायलाय."

ताईंचा हात तोंडावर गेला. "आगं बाई! आधी सांगायचं न्हाई का? साखर किती घेतेत?"

गावाचा रुसवा तिथंच संपला. ताईंनी पुन्हा गल्लीवार क्रम लावला. पहिला कप माझ्याकडे झाला, दुसरा धुरपताबाईकडे, आणि दिनकररावांनी एकाही घरी अर्धा कप म्हटलं नाही. दिवे लागायची वेळ झाली तरी काही घरं राहिलीच होती. त्यांना धीर निघेना. त्या घरांतल्या बाया किटल्या घेऊन पाहुण्याबरोबर बरडाकडे निघाल्या, मागून भजनी मंडळ निघालं, आणि मी शपथ विसरून त्यांच्यात निघालो.

वाटेवर महारुद्र. दिवसभर उभा राहून त्याचे पाय सुजले होते. अख्खं गाव किटल्यांसह चालून येताना बघून त्यानं काठी टाकली आणि सरळ वाटेत आडवा झाला.

"माझं वाटुळं करायलाव का रे! मला तुडवून जावा!"

घोळक्यातून दिनकरराव पुढे आले. हातात कप होता.

"महारुद्रराव, उठा," ते म्हणाले. "अजून बरीच घरं राहिलीत."

त्या संध्याकाळी बरडावर भजन झालं. दिनकररावांनी दोन अभंग म्हटले, दोन्ही बेसूर. मग ते कणगीत रांगत शिरले आणि झोपले. कणगीचं पोट गोल असल्यामुळे आत घोरलेलं बाहेर जात्यासारखं ऐकू येतं, ही गोष्ट आम्हाला तेव्हा कळली. महारुद्र बाहेर बसून ते घोरणं गाणं ऐकावं तसं ऐकत होता.

सकाळी मी पोचलो तर ट्रॉली कणगीसमोर उभी. तिच्या ड्रायव्हरला कालचं कुणी सांगितलंच नव्हतं. दिनकरराव रांगत बाहेर आले, केसांत गवत. रुख्मिणीनं त्यांच्या पिशवीत धपाटे बांधून घातले. ते निघाले, चार पावलं गेले आणि परत आले.

"मी दिवाळीला आलो तर चालेल का?"

महारुद्रानं लगबगीनं मोबाईल काढला. "बुकिंग..."

रुख्मिणीनं त्याच्याकडे असं बघितलं की मोबाईल परत खिशात गेला.

"दिवाळीला घरी यायला कुनी इचारतं का?" ती दिनकररावांना म्हणाली. मग पदरानं नाक पुसत ड्रायव्हरवर ओरडली, "बघायलाव काय? फिरवा ट्रॉली. घराकडं न्या."

"घरात एवढं सोयाबीन कुठं मावायचं?" महारुद्रानं हळूच विचारलं.

"तुमच्या बाजंवर," रुख्मिणी म्हणाली.