आबांच्या खिशातला कागद

माझ्या कपाटात माक्याचं एक वाळलेलं रोप आहे. माझ्या एका विद्यार्थिनीनं ते मेहरूणच्या तलावाकाठून आणलं, दाबून वाळवलं, कागदावर टाचलं आणि खाली टपोऱ्या अक्षरात माहिती लिहिली. ते मला फेकवत नाही आणि पाहवतही नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जळगावच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. प्रत्येक प्राध्यापकाला वीस मुलं वाटून दिलेली. आम्ही त्यांचे 'पालक-शिक्षक'. स्टाफरूममध्ये या पदाची यथेच्छ टिंगल चालायची. सल्ले मात्र आम्ही छातीठोकपणे द्यायचो.

ते रोप आणणारी मुलगी माझ्या वाट्याच्या विसांतली, धरणगावची. तिला पुण्याला जाऊन एम.एस्सी. करायचं होतं. मी म्हटलं, "वडिलांना घेऊन ये."

तिचे आबा आले. खुर्ची दिली तरी टेकेनात. म्हणाले, "आमले काय समजस, सर? तुम्ही सांगशात तसं करसूत."

मीही शेतकऱ्याच्याच घरचा. मला वाटलं, ही भाषा मला चांगली कळते. आपल्याकडे माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, नकार दुसऱ्याकडून वदवून घेतो. पोरीला दुखवायला नको म्हणून हे माझ्याकडे आलेत. मग मीच त्यांची सुटका केली. "पुणं लांब पडेल. इथंच बी.एड. करू द्या, नोकरी लागेल."

त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला आणि तसाच खाली आला. "बरं, सर," म्हणून ते निघून गेले. मला माझ्या समजूतदारपणाचं केवढं कौतुक वाटलं होतं!

पुढे ती गुणपत्रिका न्यायला आली. मी हसत विचारलं, "आबांचा जीव भांड्यात पडला असेल ना?"

"सर, पुण्याच्या होस्टेलचा फॉर्म त्यांच्या खिशात होता. सही करून आणलेला. घरात आई नको म्हणत होती. सरांनी हो म्हटलं की तिला गप्प करता येईल, असं ठरवून आले होते."

"मग बोलले का नाहीत?"

"सरांचा शब्द कसा मोडणार?"

तोवर फॉर्मची तारीख उलटून गेली होती. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. पुढे बी.एड. करून तिला शाळेत नोकरी लागली, म्हणजे माझा सल्ला खरा ठरला.

त्यानंतर किती तरी बाप माझ्यासमोर उभे राहिले. मी आधी विचारतो, "तुमच्या मनात काय आहे?" ते सांगू लागतात, आणि मला मात्र तो हात दिसत राहतो, खिशापर्यंत जाऊन खाली आलेला.