शेवळाला काकड, शेंगेला पाला

गुणाबाई त्या दिवशी मुरबाडच्या बाजारात बसली होती. तिच्यापुढे शेवळांच्या जुड्या आणि काकडांचे वाटे मांडलेले होते, गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं, आणि तिचं सगळं ध्यान शेजारच्या दाणेवाल्याकडे. त्याच्या पोत्यातला एक शेंगदाणा तिनं उचलला, नखानं सोलला, फाकी करून मधला कोंब पाहिला, वास घेतला आणि दाणा परत पोत्यावर ठेवून दिला.

"का गो गुणाबाय, दाणा घेतेस का सून बघतेस?" दाणेवाल्या अनंतानं विचारलं.

"सून बघताना एवढा वास नव्हता घेतला," ती म्हणाली. "पोतं भिंतीला टेकून होतं ना तुझं?"

"जमिनीवर नव्हतं. फळीवर होतं."

"जमीन कोन म्हनला? मी भिंत म्हनली. ओल भिंतीतूनबी चढते."

अनंता तागडीची दोरी सारखी करू लागला. गुणाबाईनं दाणे घेतले नाहीत.

ती सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातली. भाताचं एक खाचर, डोंगरउतारावर नाचणीची वरकस, आणि पाण्याजवळच्या तुकड्यात उन्हाळी भुईमूग. शेवळं मात्र रानाची. पावसाच्या तोंडाला जमिनीतून कोंब वर येतात, आणि भाजी चवीला अशी की कोंबडी मागं पडावी. पण नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते, पाणी पिऊन जात नाही. काकडाची आंबट फळं ठेचून घातली की खाज मरते. म्हणून त्या गावात वर्षाची पहिली शेवळाची भाजी बाईनं आधी स्वतः खायची, भांडी घासून होईपर्यंत थांबायचं, घसा गप्प राहिला तरच बाकीच्यांना वाढायचं. गुणाबाईच्या सासूनं तिला हेच शिकवलं होतं.

फरक इतकाच, की गुणाबाई अलीकडे हे शेवळापुरतं ठेवत नव्हती. दुकानातलं तेल, शेजारणीकडची खीर, रेशनचा तांदूळ, सगळ्याचा पहिला घास तिचा आणि मग थांबणं. तिचा नवरा नामा यकृताच्या दुखण्यानं गेला तेव्हापासूनची ही सवय. शहरातल्या इस्पितळात त्याला नेलं तेव्हा प्रत्येकानं एकच विचारलं होतं, "दारू किती?" नामानं आयुष्यात दारूला तोंड लावलं नव्हतं. ती हे सांगायची, समोरचा मान हलवायचा, आणि त्या मानेवरून तिला कळायचं की याचा विश्वास बसलेला नाही. मग कशानं गेला? ते कोणी सांगू शकलं नाही. तेव्हापासून घरात येणारी प्रत्येक वस्तू तिच्या लेखी आरोपी होती.

आणि आता सून रत्ना पोटुशी होती. रत्ना आटगावची, चटपटीत, मनात येईल ते बोलणारी. मुलगा मंगेश शहापूरला कामाला, आठवड्यातून एकदा घरी. त्यामुळे रत्नाच्या पोटात काय जातं याची सगळी राखण गुणाबाईनं अंगावर घेतली होती.

त्या वर्षी पाऊस लवकर आला आणि नुकत्याच काढलेल्या शेंगा नीट वाळल्याच नाहीत. त्याच सुमाराला आरोग्य उपकेंद्रातल्या रंजना सिस्टरनी देवळात बायकांची बैठक घेतली. बुरशी आलेले दाणे, मका, तांदूळ खाऊ नका, त्या म्हणाल्या. काही बुरशींचं विष असतं, ते भाजून-शिजवून पुरतं जात नाही. ते यकृतात जातं. शरीरातल्या प्रत्येक पेशीत पुढची पेशी कशी घडवायची याचा आराखडा असतो, त्या आराखड्यात ते चुका करून ठेवतं. वर्षानुवर्षं चुका साठल्या की मोठं दुखणं.

गुणाबाई मांडी बदलून पुढे सरकली.

"पालेभाज्या मात्र भरपूर खा," सिस्टर पुढे म्हणाल्या. "पानातला जो हिरवा रंग असतो ना, तो या विषाला पोटातच धरून ठेवतो, रक्तात कमी जाऊ देतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. जांभळासारख्या जांभळ्या रंगांवरही तपास चालू आहे."

"म्हंजी शेवळाला काकड!" मागून शेजारची रखमी ओरडली.

सगळ्या हसल्या. सिस्टरना पुढच्या पाड्यावर जायचं होतं. "तसंच काहीसं," त्या पिशवी उचलत म्हणाल्या.

एरवी गुणाबाईनं या वाक्याचीही नखानं साल काढली असती. पण हे तिच्या ओळखीचं होतं. खाज असते, तिला मारणारं फळ असतं. विष असतं, त्याला धरणारा पाला असतो. कधी नव्हे ते तिनं ऐकलेलं तसंच्या तसं घरी आणलं.

घरातल्या शेंगांच्या कणगीला वास मारत होता. वरवरचे काळे दाणे तिनं वेचून टाकले, उरलेले खमंग भाजले, गूळ घालून रत्नासाठी लाडू वळले, आणि सोबत रोज टाकळ्याची भाजी.

"एका लाडवावर एवढा पाला?" रत्ना म्हणाली. "मी काय शेळी हाय?"

"खा गो. सिस्टरनी सांगितलंय."

"तुमी माझ्या आयशीच्या हातच्या चकलीचा वास घेता, आनि सिस्टरचं लगेच पटलं?"

गुणाबाईनं भाजीची वाटी तिच्यापुढे सरकवली. तिनं आधी स्वतः लाडू खाल्ला होता, वर भाजी खाल्ली होती, भांडी घासून होईपर्यंत थांबली होती. घसा गप्प होता. आणखी काय पाहिजे?

असे काही दिवस गेले. एका दुपारी रखमी काकडं मागायला आली आणि ओट्यावर बसून बोलता बोलता म्हणाली, "यंदा काकड कच्चं पडलं गो. घरात सगळ्यांचे घसे धरले. पन बरं असतं, लगेच कळतं तरी."

लगेच कळतं. गुणाबाईचा काकडं काढायला सुपात गेलेला हात तिथंच राहिला. नामाचा घसा कधी धरला होता? कधीच नाही. वर्षानुवर्षं जेवत होता, ढेकर देत होता, आणि घसा शेवटपर्यंत गप्प होता. जे विष घशाला बोलत नाही, त्याची परीक्षा ती घशावर घेत होती.

रखमीला तिथंच सोडून ती आत गेली.

"रत्ने, लाडू किती खाल्लेस?"

रत्ना दचकली. खाली बघत म्हणाली, "रागावू नका."

"किती, ते सांग!"

रत्नानं फडताळातला पत्र्याचा डबा काढून पुढे ठेवला. लाडू त्यात होते, जवळजवळ सगळे. "पहिला खाल्ला अर्धा. कडवट लागला. म्हटलं या बाईनं काय घातलंय कोन जाने. तुमाला कसं सांगनार? म्हनून ठेवत गेले."

"माझ्यावर संशय घेतलास?"

"घेतला."

गुणाबाई चुलीपाशी बसली. आपल्यावर कोणी विश्वास ठेवला नाही म्हणून तिला बरं वाटण्याची ही पहिलीच वेळ. "बेस केलंस," ती म्हणाली. "बेस केलंस, माझे बाय."

त्याच दिवशी लाडू आणि कणगीतल्या शेंगा खड्ड्यात गेल्या. कोंबड्यांनासुद्धा एक दाणा मिळाला नाही. मग ती उपकेंद्रात जाऊन रंजना सिस्टरच्या टेबलापुढे उभी राहिली.

"पाला खाल्ला तर बुरशीचं चालतं काय? हो का नाय, एवढंच सांगा."

"नाही हो मावशी! असं कोण म्हणालं?"

"तुमी. 'तसंच काहीसं' म्हनालात."

सिस्टरनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी तिला बाकावर बसवलं. नजरेतून सुटून थोडंफार पोटात जातंच, त्याच्यासाठी पाला कदाचित मदत करतो, त्या म्हणाल्या. तोही अभ्यास अजून पुरा नाही. दिसलेली बुरशी मात्र टाकायचीच. आणि नामाभाऊंचं? ते बुरशीनं गेले की आणखी कशानं, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

"दारूनं नाय गेले," गुणाबाई म्हणाली.

"नाही. ते मला पटतं."

रत्नाला थंडीत मुलगी झाली. अंगानं बारीक आहे पण आवाज खणखणीत. भुईमुगाच्या तुकड्यात यंदा गुणाबाईनं वाल पेरलेत.